गजराबाई निकमची साक्ष

“आधी नाव सांग,” भास्कर म्हणाला आणि आईच्या पुढ्यातलं ताट त्यानं स्वतःकडे ओढलं.

ताटात ज्वारीची भाकरी होती, वांग्याचं कालवण होतं, कडेला ठेचा होता. आई सकाळपासून रानात खुरपत होती. खुरपायला बसली की गावातली कुठलीही बाई तिच्या मागं पडावी असा तिचा हात तेव्हाही चालायचा. फक्त खुरपं हा शब्द तिच्याकडून गेला होता. ती ताटाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं.

“तिच्याकडं बघू नको. हे काय आहे?”

“खायचं.”

“खायचं सगळंच असतं. नाव सांग.”

“ते आपलं... थापत्यात ते. गोल.”

“भाकरी. म्हण, भाकरी.”

“भाकरी,” आई शहाण्या पोरीसारखी म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, “भाकरी म्हंजी काय रं?”

जन्मभर भाकऱ्या बडवलेली बाई विचारत होती. मी तोंड फिरवलं. भास्करनं न्हाणीच्या मागं जाऊन कुऱ्हाड आणली, दांड्याला सायकलची काळी ट्यूब गुंडाळलेली आमची घरची कुऱ्हाड, आणि ती आईच्या नाकासमोर धरली. ही काय आहे, असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. आईच्या कपाळावर घाम आला. शेवटी तिनं “कुऱ्हाड” म्हटलं तेव्हा त्यानं ताट तिच्यापुढे सरकवलं आणि ती मुकाट्यानं जेवली.

माझा भाऊ दुष्ट नव्हता, असं मी पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले. आता सांगत नाही.

आमच्या आबांचा खून झाला होता. सामाईक विहिरीवर मोटर चालू करायची पाळी कुणाची, एवढ्याशा गोष्टीवरून. आबांचा चुलत भाऊ रंगराव, ज्याला आम्ही लहानपणापासून रंगूतात्या म्हणायचो, त्यानं भर दुपारी आबांच्या मानेवर मागून कुऱ्हाड घातली. आबा तेव्हा पाइपाचा जोड बसवायला वाकले होते. आई जेवण घेऊन बांधावरून येत होती. तिनं सगळं पाहिलं, अगदी पहिल्या शब्दापासून शेवटच्या हालचालीपर्यंत. त्याच संध्याकाळी पोलिसांपुढं तिनं जो जबाब दिला तो फौजदारानं भास्करला वाचून दाखवला होता. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. अशी साक्षीदार मिळाली तर केस हातात आहे, असं फौजदार म्हणाला होता.

पण केस उभी राहायला वर्षं लागली. रंगूतात्या जामिनावर सुटून आला आणि आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, पूर्वीसारखा ओसरीवर पान खात बसू लागला. विहिरीवर त्या दिवशी आणखी दोघं होते. त्यातल्या एकाला त्यानं ट्रॅक्टर चालवायला ठेवला, दुसऱ्याच्या मुलीचं लग्न लावून दिलं. दोघांनाही त्या दिवसाचं काही आठवेनासं झालं. त्यांच्या मेंदूत मात्र काही बिघाड नव्हता.

आईचं सुरू झालं ते चमच्यापासून. चमच्याला ती “ढवळायचं ते” म्हणू लागली. मग शेजारणीनं पेरू आणून दिले तर तिनं विचारलं, पेरू म्हंजी काय. आम्हाला वाटलं धसका घेतलाय, नवरा डोळ्यांदेखत गेलाय, होतं असं. पण तिचं वागणं सगळं ठीक होतं. काल कोण आलं होतं, कोण कुठं बसलं, कुणी चहा अर्धा टाकला, हे ती आम्हाला सांगायची. घराची वाट चुकत नव्हती. बोलत तर पूर्वीपेक्षा जास्त होती, सरळ, न अडखळता. फक्त त्या बोलण्यातून एकेक वस्तू गळत चालली होती आणि तिच्या जागी “ते” येत होतं. ते घेऊन ते केलं आणि मग ते झालं, असं.

भास्कर तिला मिरजेला घेऊन गेला, मीही बरोबर होते. डॉ. इनामदार म्हणून मेंदूचे डॉक्टर होते, वयस्कर आणि हळू बोलणारे. त्यांनी आईपुढे चित्रं मांडली. घोड्याचं चित्र पाहून आई म्हणाली, कुत्रं. बकरीलाही कुत्रंच. सशाला तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, बारकं कुत्रं. मग डॉक्टरांनी विचारलं, आज सकाळी काय काय केलंत? तिनं एसटीत जागा कुणी दिली इथपासून दवाखान्याच्या जिन्यात कोण बाई उलटी करत होती इथपर्यंत सगळं बिनचूक सांगितलं. वस्तूंची नावं तेवढी नव्हती.

तिला बाहेर बसवून डॉक्टर आम्हाला म्हणाले, “घडलेलं आठवणं वेगळं आणि शब्दाचा अर्थ ठाऊक असणं वेगळं. मेंदूत त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. डाव्या कानाच्या पुढं, आतल्या बाजूला, अर्थ सांभाळणारा भाग असतो. तुमच्या आईचा तो भाग वाळत चाललाय. बाकीचं अजून शाबूत आहे. पण ते फार दिवस राहणार नाही.”

“म्हणजे वेड लागलंय?” भास्करनं विचारलं.

“अजिबात नाही. तिनं जे पाहिलं ते तिच्या डोळ्यांपुढं आहे. तुम्ही शब्दानं विचाराल तर तिला कळणार नाही, एवढंच.”

भास्करनं शिकवलं तर शिकेल का म्हणून विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. शिकवलेलं पाठ होईल, म्हणाले, पण कळलेलं नसेल. जे दाखवून शिकवाल तेवढ्यालाच ते चिकटून बसेल. त्यापेक्षा मी कोर्टात येऊन सांगतो, तिला हातानं करून दाखवू द्या.

भास्करच्या कानात यातलं फक्त “पाठ होईल” एवढंच शिरलं. तो सरकारी वकिलांना भेटून आला. ते म्हणाले, डॉक्टरचं नावसुद्धा काढू नका. डॉक्टर उभा राहिला की समोरचा वकील म्हणणार, बाईच्या मेंदूत बिघाड आहे, आणि साक्ष कचऱ्यात. मुक्या माणसाच्या खुणा कोर्ट मानतं, ही तर घडाघडा बोलते, हिला खुणा करायला कोण देणार? दोन साक्षीदार फुटलेत, ही एकटी उरली आहे. हिच्याकडून नीट बोलून घ्या, बाकी मी बघतो.

तेव्हापासून आमच्या घरात जेवणावर शाळा सुरू झाली. भाकरी, तांब्या, विहीर, पाइप, मान, आणि सगळ्यात शेवटी कुऱ्हाड. शब्द आला तर घास. मी एकदा मध्ये पडले, तर भास्कर माझ्यावर ओरडला नाही, नुसता म्हणाला, “त्याला ओसरीवर पान खाताना तू रोज बघतीस न्हवं? मग गप बस.” मी गप्प बसले. मीही त्याला ओसरीवर पान खाताना रोज बघत होते.

साक्षीच्या दिवशी आईनं तिचं ठेवणीतलं हिरवट लुगडं नेसलं. कोर्टाच्या पायऱ्या चढताना ती खूश दिसत होती. माणसांत आली की ती खूश असायची. रंगूतात्या आरोपीच्या जागी उभा होता, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. आईनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम ताठ झाला. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तिला सगळं आठवत होतं. मी ते शपथेवर सांगितलं असतं, पण शपथ मला कुणी घातली नव्हती.

सरकारी वकिलांनी सुरुवात चांगली केली. नाव, गाव, वय. मयताचं नाव काय, असं विचारल्यावर आई गप्प राहिली आणि तिनं पदर सावरला. कारकून हसला, जज्जसाहेबांनाही जरा हसू आलं. जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, असं सगळ्यांनी समजून घेतलं आणि वकिलांनीच नाव सांगितलं. भास्करनं सुटकेचा निःश्वास टाकला.

“त्या दिवशी काय पाहिलंत ते साहेबांना सांगा.”

“मी ते घेऊन चाललेवते,” आई म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. “ऊन मस्त व्हतं. हे तिथं वाकलेवते, ते बसवत व्हते. ह्यो मागनं आला. पायात काय न्हवतं, म्हनून आवाज न्हाई आला. ह्यानं असं केलं.” तिनं दोन्ही हात उजव्या खांद्यावरून वर नेले आणि खाली आणले. मग स्वतःच्या मानेला डावीकडं, कानाच्या खाली बोट लावलं. “हितं. मग हे वळलं, मला बघितलं. मग पडलं.”

आबा तिच्याकडं वळून पडले होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

“हात खाली ठेवा, बाई,” जज्जसाहेब म्हणाले. “तोंडानं सांगा. कशानं मारलं?”

“त्यानं.”

“त्यानं म्हणजे कशानं?”

आईनं भास्करकडं पाहिलं. भास्करचे ओठ हलत होते. समोरचे वकील जहागीरदार खुर्चीतून अर्धे उठले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले की साक्षीदाराच्या मुलाला बाहेर बसवलं तर बरं. भास्करला बाहेर घालवलं. आई दाराकडं बघत राहिली, मग तिच्या चेहऱ्यावर जेवायच्या वेळचे भाव आले आणि तिनं कपाळाचा घाम पुसला.

“कुऱ्हाड,” ती म्हणाली.

सरकारी वकिलांनी माझ्याकडं बघून हलकेच मान डोलावली. मला वाटलं, झालं. भास्करचं चुकलं नव्हतं, मीच हळवी होते. शिपायानं मुद्देमाल आणला. कागदाचं वेष्टन, लाखेचं सील, सुतळी. सील फोडून कुऱ्हाड टेबलावर ठेवली. पातं गंजलं होतं, दांडा उघडा होता, लाकूड काळं पडलं होतं.

“हीच का ती कुऱ्हाड?”

आईनं वाकून पाहिलं. तिला आनंद झाला, कारण या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं.

“न्हाई. ही न्हवं.”

“नीट बघा, बाई.”

“ही कुऱ्हाड न्हवंच. कुऱ्हाड आमच्या घरात हाय. न्हाणीच्या मागं.”

कोर्टात कुणीतरी खोकलं. सरकारी वकील गडबडले, कागद चाळू लागले. मला एकाएकी डॉक्टरांचा हळू आवाज आठवला. आईला कुऱ्हाड कळली नव्हतीच. तिला काळी ट्यूब गुंडाळलेली एक वस्तू कळली होती, आणि तिचं नाव कुऱ्हाड होतं, जसं माझं नाव मालन आहे. दुसऱ्या कुणाला ती मालन कशाला म्हणेल?

जहागीरदार उलट तपासाला उठले. मी त्या माणसाला कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नाही. आईला पाणी हवं का, बसायला खुर्ची हवी का, हे त्यांनी आधी विचारलं. आई म्हणाली, बरं हाय असंच.

“तर कुऱ्हाड तुमच्या घरी आहे, बाई?”

“हाय की.”

“दांडा कसा आहे तिचा?”

“काळं गुंडाळलंय त्याला. चिकट लागतं हाताला.”

“रोज बघता तुम्ही ती?”

“रोज. भास्कर दाखवतो.”

वकिलाला असं घबाड आयुष्यात एकदा मिळत असेल.

“भास्कर म्हणजे तुमचा मुलगा. तो दाखवतो आणि काय करतो?”

“म्हन म्हनतो. कुऱ्हाड म्हन. मी म्हटलं की मग देतो.”

“काय देतो?”

आईला शब्द सापडेना. तिनं तळहातावर तळहात थापून दाखवलं, मग बोटं तोंडाशी नेली. मागच्या बाकांवर लोक हसले. रंगूतात्याची माणसं तर हसलीच, पण दुसऱ्या केसच्या तारखेला आलेले, ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता, तेही हसले. लोक हसताहेत म्हणून आईही हसली.

“उपाशी ठेवून शिकवलं तुम्हाला,” जहागीरदार कळवळून म्हणाले. “आता मला सांगा, खून म्हणजे काय?”

“खून म्हंजी काय?” आईनं विचारलं.

“मी तुम्हाला विचारतोय. बरं, राहू द्या. विहीर म्हणजे काय?”

“विहीर. पाइप. मान. कुऱ्हाड,” आई म्हणाली. पाठ केलेल्या ओळीतलं तिला मधलं एकटं काढता येत नव्हतं.

“छान. आणि नवरा म्हणजे काय?”

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. जज्जसाहेबांनी ती फेटाळली, साक्षीदाराला काय समजतं हे कोर्टाला बघायचं आहे म्हणाले. आई विचार करत होती. तिनं खरंच फार विचार केला, हे मला तिच्या भुवयांवरून कळत होतं. ज्या माणसाला आपल्याकडं वळून पडताना तिनं पाहिलं होतं, जो तिच्या डोळ्यांपुढं त्या क्षणीही असेल, तो आणि हा शब्द यांच्यामधली वाट नाहीशी झाली होती. शेवटी तिनं माझ्याकडं वळून हळूच विचारलं, “मालन, सांग की गं. काय असतंय ते?”

या वेळी कुणी हसलं नाही. जहागीरदार म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही, आणि खाली बसताना त्यांनी आईला नमस्कार केला.

आईला पिंजऱ्यातून उतरवायला शिपाई आला. तिला वाटलं, अजून सांगायचं राहिलंय. ती कठड्याला धरून राहिली आणि रंगूतात्याकडं बोट करून म्हणाली, “पर ह्योच व्हता. ह्यो. पायात काय न्हवतं ह्याच्या.” ते लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही. शिपायानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

त्या रात्री भास्कर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कुऱ्हाड विकून टाकली आणि आईशी बोलणं बंद केलं. मी त्याला समजवायला गेले तर म्हणाला, “तिला शब्द कळत न्हाईत न्हवं? मग बोलून काय करू?” आई त्याच्या मागं मागं करायची, त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि स्वतःच म्हणायची, भाकरी, भाकरी. तिला वाटायचं, म्हटलं की तो बोलेल.

निकालाच्या दिवशी घरी तिच्याजवळ थांबायला कुणी नव्हतं, म्हणून तिला बरोबर न्यावं लागलं. साक्षीदार पढवलेला, संशयाचा फायदा, आरोपी निर्दोष. वाचायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बाहेर रंगूतात्याच्या माणसांनी गुलाल उधळला. आम्ही कडेनं निघालो होतो, पण तो गर्दीतून सरळ आमच्याकडं आला. सगळे बघत होते. त्यांनी बघावं म्हणूनच तो आला होता. तो आईपुढं वाकला आणि दोन्ही हातांनी तिच्या पायाला लागला.

“वहिनी,” तो म्हणाला, “तुमच्यामुळं सुटलो.”

आई दगडासारखी उभी होती. मी तिच्या इतकी जवळ होते की तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग तिचा हात उचलला गेला, त्याच्या गुलालानं भरलेल्या केसांवर टेकला आणि तिच्या तोंडून, जसं जन्मभर पाया पडणाऱ्या प्रत्येकासाठी आलं होतं तसंच, न अडखळता आलं, “औक्षवंत व्हा, भावजी. औक्षवंत व्हा.”

भास्कर तिथूनच कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून निघून गेला. तो घरी आला तो चार दिवसांनी, आपलं सामान न्यायला.

एसटीत आई खिडकीशी बसली. तळहाताला गुलाल लागला होता, तो ती सीटला पुसत होती. पुसून झाला तरी पुसत होती. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, “मला त्येला दुसरंच म्हनायचं व्हतं.”

“काय, आई?”

“ते न्हाई का... बोटं मोडून म्हनत्यात बाया. मानसाचं वाईट व्हावं म्हनून.” तिनं दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडली. “ते मला घावलंच न्हाई. हेच आलं तोंडात.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, अगदी स्पष्ट, शहाण्या माणसाचा. तेवढा राग मी आमच्यापैकी कुणाच्याच डोळ्यांत पाहिला नव्हता, माझ्या तर नाहीच.

“तुझं तळपट होऊ दे,” मी तिच्या कानात म्हटलं. “ते का?”

“तेच,” ती म्हणाली. “मला शिकीव.”

मी शिकवलं. भूक न लावता, ताट न ओढता, तिचा हात हातात घेऊन. गाव येईपर्यंत शिकवलं, त्याच्या नावासकट. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपली आपण उठून रंगूतात्याच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिली, कडाकडा बोटं मोडली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “रंगराव, तुझं तळपट होऊ दे.” पान खाणारा तो माणूस पांढराफटक पडला आणि आत निघून गेला, असं शेजारणीनं मला सांगितलं. त्या दिवशी मी गोड केलं. आई पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. पहिले काही दिवस तो ओसरीवर आलाच नाही. मग तो आला आणि बसून तिचं नीट ऐकलं. तो खुनी होता, मूर्ख नव्हता. आईच्या बोलण्यातला सूर त्याच्या लक्षात आला, शाळेतलं पोर कविता म्हणतं तसला, रोज तोच, एका चालीत. राग दिवसागणिक सुरातून निघून चालला होता आणि मागं नुसता पाठ उरला होता. एक दिवस त्यानं बायकोला आतून चहा आणायला सांगितलं.

मी तिला अडवायची, दाराला कडी घालायची. शेताकडं जाताना डोळा चुकला की ती तिथं. त्या वर्षाच्या शेवटी तिला आबांचा फोटो दाखवला तर ती विचारायची, ह्यो कोन. मला ती “पोरी” म्हणायची, नाव गेलं होतं. डॉक्टरांनी फार दिवस राहणार नाही म्हटलं होतं, ते हेच.

एका दुपारी मी तिला आणायला गेले. ओसरीवर पाच-सहा माणसं बसली होती, बाहेरगावचे पाहुणे होते. आई खांबाला टेकून बसली होती, हातात बशी. रंगूतात्यानं पाहुण्यांना डोळा घातला आणि म्हणाला, “वहिनी, एकदा म्हणा की ते.”

आईनं बशी खाली ठेवली, पदर सारखा केला, बोटं मोडली आणि खणखणीत आवाजात म्हणाली. पाहुणे पोट धरून हसले. त्याची बायको हसली नाही, पण तिनं आईच्या बशीत आणखी चहा ओतला. आईनं तो फुंकून फुंकून पिला.

मी ओसरीच्या पायरीशी उभी राहून म्हटलं, “ऊठ आई. घरी चल.”

“बस की मालन, तूबी घोटभर घे,” रंगूतात्या म्हणाला.

मी आईचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला, आपल्या शेजारी घोंगड्यावर जागा केली, आणि मला ओशाळवाणं वाटत असेल म्हणून माझी समजूत घालावी तशी म्हणाली, “बस गं पोरी. परकं कुनी न्हाई हितं. आपलीच मानसं हायती.”